एकाने पुसले, सगळ्यांचे गेले

(शाखा चिटणीस आणि कोषाध्यक्ष यांच्या अभ्यासवर्गात आमच्या दप्तर विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर. विषय : मोबाईल आणि क्लाऊड यांच्यात फाइली आपोआप जुळत्या ठेवणे.)



सकाळपासून या अभ्यासवर्गात वेतन, कंत्राटी पद्धत आणि नव्या श्रमसंहिता अशा मोठ्या विषयांवर चर्चा झाली. त्यांच्यानंतर मोबाईलमधल्या फाइलींबद्दल बोलायला आम्ही उभे राहिलो, तेव्हा काही साथींना वाटले असेल की जेवणानंतरचा वेळ काढायला एक हलका विषय ठेवलेला आहे. तसे नाही. सकाळी ज्या ज्या हक्कांची चर्चा झाली, त्यांतला प्रत्येक हक्क शेवटी कुठल्या तरी कागदावर येऊन थांबतो, आणि तो कागद आज आपल्या कपाटात नाही, कोणाच्या तरी खिशातल्या फोनमध्ये आहे.

आपल्यापैकी ज्येष्ठ साथींना जुने कार्यालय आठवत असेल. एक लोखंडी कपाट, आवक-जावक नोंदवही, इतिवृत्ताचे पुस्तक, वर्गणीची पावती पुस्तके. पत्र टंकलिखित करताना मध्ये कार्बन घालून तीन प्रती निघत. एक व्यवस्थापनाला, एक कामगार आयुक्तांच्या कार्यालयाला, एक आपल्या फाइलीला, आणि तिच्यावर समोरच्याची पोच. पोच घेतल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही, हे शाखेत आलेल्या नव्या कार्यकर्त्याला पहिल्या दिवशी शिकवले जाई. आजच्या साधनांनाही हेच धडे लागू आहेत. आपण ते लावायला विसरलो, त्याची किंमत आम्ही मोजली आहे. ती हकीकत आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका शाखेने कंत्राटी सफाई कामगारांच्या जादा कामाच्या वेतनाचे प्रकरण हाती घेतले होते. ठेकेदार हजेरीची प्रत देत नव्हता. तेव्हा कामगार दर महिन्याला फळ्यावरच्या पाळ्यांच्या यादीचे आणि हातात पडलेल्या वेतनचिठ्ठीचे फोटो काढत आणि शाखेकडे देत. शाखेतल्या एका तरुण साथीने चांगली सोय करून दिली. शाखेच्या नावाने क्लाऊडवर एक खाते उघडले, सहा पदाधिकाऱ्यांच्या फोनवर एक सिंक ॲप टाकले, आणि सगळ्यांच्या फोनमधले एक फोल्डर त्या खात्यातल्या फोल्डरशी जोडून दिले. एकाने फोटो टाकला की तो पाचही जणांकडे आपोआप पोहोचे. आम्ही खूश होतो. आता सहा प्रती आहेत, असे आम्ही कार्यकारिणीत सांगितलेही होते.

पुढे एका साथीच्या घरी लग्न निघाले. फोनची जागा संपली होती. त्याने जुने फोटो असलेले ते फोल्डर आपल्या फोनमधून काढून टाकले. वर क्लाऊडवर प्रत आहे, शिवाय पाच जणांकडे आहे, माझ्याकडची गेली तर काय बिघडते, असा त्याचा हिशेब. हिशेब सरळ होता, पण यंत्राचा हिशेब वेगळा होता. ॲपने पाहिले की या फोनमधून फोल्डर पुसले गेले आहे, म्हणून क्लाऊडवरचेही पुसले. क्लाऊडवरचे गेले म्हणून उरलेल्या पाचही फोनमधले पुसले. रात्रीतून सगळे नाहीसे झाले. कोणी काही चोरले नाही, काही बिघडले नाही. यंत्राने सांगितलेले काम चोख केले.

सलोख्याची तारीख लांब होती, त्यामुळे ते फोल्डर कोणी उघडलेच नाही. दावा लिहायला बसलो तेव्हा लक्षात आले. पुसलेल्या फाइली कचरापेटीत काही दिवस राहतात हे खरे, पण ती मुदत तोवर उलटून गेली होती. त्या साथीला आम्ही दोष दिला नाही. दोष आमचा होता. आम्ही सोय करून दिली होती, पण ती काय करते हे कोणाला समजावून सांगितले नव्हते, कारण ते आम्हालाच नीट ठाऊक नव्हते. त्या प्रकरणाचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू.

सिंक या शब्दाचा अर्थ इतकाच की दोन ठिकाणच्या फाइली एकमेकींशी जुळत्या ठेवणे. इकडे बदल झाला की तो तिकडे, आणि तिकडे झाला की तो इकडे. ऐकायला सोपे वाटते. पण समजा, एकाच कारखान्याचे हजेरीपट दोन ठिकाणी आहेत, एक गेटवर आणि एक कचेरीत. महिनाअखेर दोन कारकून समोरासमोर बसले. गेटच्या पटावर एक नाव आहे, कचेरीच्या पटावर ते नाही. हा माणूस नवा भरती झाला, की कचेरीने त्याला कमी केले? दोन पटांकडे कितीही वेळ पाहिले तरी याचे उत्तर मिळणार नाही. ते मिळते गेल्या महिन्याच्या पटावरून, ज्यावर दोघांनी सह्या केल्या होत्या. त्यात नाव असेल तर माणूस कमी झाला आहे, नसेल तर तो नवा आहे.

सिंक ॲप नेमके हेच करते. फोनमध्ये आत्ता काय आहे याची एक यादी, क्लाऊडवर काय आहे याची दुसरी, आणि मागच्या वेळी दोघांचे जुळले तेव्हा काय होते याची तिसरी. मागच्या यादीत होती, क्लाऊडवर आहे, पण फोनमध्ये नाही, अशी फाइल दिसली की ॲप ठरवते, ही फोनवरून पुसली गेली, आता क्लाऊडवरूनही पुसायची. आमच्या शाखेत हेच झाले. आणि ॲप काढून पुन्हा टाकले की तिसरी यादी नाहीशी होते. मग सावध ॲप काही पुसत नाही, दोन्हीकडचे एकत्र करते. म्हणून कधी कधी सहा महिन्यांपूर्वी पुसलेल्या फाइली पुन्हा उगवलेल्या दिसतात. त्यात जादू नाही, फक्त सहीचा पट हरवलेला असतो.

दुसरा प्रश्न असा की दोघांनी एकाच वेळी एकच फाइल बदलली तर काय? वर्गणीची यादी कोषाध्यक्षाने बसमध्ये बसून सुधारली, तिथे रेंज नव्हती. त्याच वेळी चिटणीसाने कार्यालयात तीच यादी सुधारली. रात्री दोन्ही फोन जोडले गेले. चांगले ॲप अशा वेळी दोन्ही प्रती ठेवते आणि एकीच्या नावापुढे विरोधी प्रत असल्याची खूण करते. मग माणसाने बसून ताळमेळ घालायचा. वाईट ॲप शेवटी आलेली प्रत ठेवते आणि आधीची गुपचूप झाकून टाकते. अशी खूण असलेली फाइल दिसली तर ती कटकट समजून पुसू नका. तिच्यात कोणाचे तरी काम आहे.

आता थोडे तंत्राबद्दल. संपूर्ण फाइल पुन्हा पुन्हा न पाठवता तिचा फक्त बदललेला भाग पाठवण्याची युक्ती ऑस्ट्रेलियात ॲन्ड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आरसिंक या प्रोग्रॅमद्वारे मांडली. २००७ मध्ये स्थापन झालेल्या ड्रॉपबॉक्स कंपनीने फाइलीचे चार चार एमबीचे तुकडे करून, ज्या तुकड्याचा ठसा बदलला तेवढाच पाठवण्याची पद्धत वापरली. ॲपलचे आयक्लाऊड २०११ मध्ये आणि गूगल ड्राइव्ह २०१२ मध्ये आले. ठसा म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेली एक लांबलचक संख्या. मजकुरात एक टिंब बदलले तरी ठसा संपूर्ण बदलतो. हा शब्द लक्षात ठेवा, न्यायालयाच्या मुद्द्यापाशी तो पुन्हा येईल.

मोबाईलची अडचण याहून वेगळी आहे. संगणक टेबलावर वीज घेऊन बसलेला असतो, फोनला बॅटरी वाचवायची असते. अँड्रॉइडच्या ६.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि तो बराच वेळ एका जागी पडून असेल, तर मागे चालणाऱ्या ॲपचे इंटरनेट आणि काम फोन स्वतःच लांबणीवर टाकतो. आयफोनही मागच्या कामांना मोजून मापून वेळ देतो. त्यातच पुष्कळ ॲपमध्ये फक्त वायफाय असतानाच पाठवा, असे ठरवलेले असते. ज्याच्या घरी वायफायच नाही, त्या साथीचे फोटो महिनोन्‌महिने फोनमध्येच राहतात, आणि त्याला वाटते की ते वर गेले. सिंक चालू असणे आणि सिंक पूर्ण होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ॲप उघडून फाइलीपुढे पूर्ण झाल्याची खूण पाहणे, हीच आजची पोच. पोच पाहिल्याशिवाय फाइल हातची सोडू नका.

याची उलट बाजूही आहे. क्लाऊडच्या ॲपमध्ये फाइलींची नावे दिसतात, म्हणून त्या फोनमध्ये आहेत असे आपण समजतो. बहुतेक वेळा फोनमध्ये फक्त नावे असतात आणि बोट लावल्यावर फाइल वरून येते. न्यायालयाच्या व्हरांड्यात रेंज नसली की नाव दिसते, कागद उघडत नाही. तारखेला निघण्यापूर्वी लागणाऱ्या फाइली ऑफलाइन ठेवण्याची खूण करा, आणि इंटरनेट बंद करून त्या उघडतात का ते पाहा.

एक अडचण खास आपल्या मराठीची आहे. आमच्याकडे कऱ्हाड नावाची दोन फोल्डरे झाली होती. एकात अर्धे कागद, दुसऱ्यात अर्धे, आणि दोन्ही नावे डोळ्यांना अगदी सारखी. कारण कऱ्हाडमधला अर्धा र कळफलकावर दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी उमटवता येतो. कागदावर तो एकच दिसतो, संगणकाच्या लेखी ती निरनिराळी अक्षरचिन्हे असतात. सिंकला ही दोन निराळी नावे वाटली, आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. तेव्हापासून आम्ही फोल्डरांची नावे एकाच माणसाने टंकायची आणि इतरांनी ती फक्त वापरायची, असे ठरवले आहे. इंदूर, बडोदा, हैदराबाद आणि बेळगाव येथील साथींशी फाइली वाटून घेताना ही काळजी अधिकच लागते, कारण प्रत्येकाचा कळफलक निराळा असतो.

आता मुख्य मुद्दा. सिंक म्हणजे जपणूक नव्हे. सिंकचे काम सारखेपणा राखण्याचे आहे. चूक झाली तर ती चूकही सगळीकडे सारखी पसरते. फाइल पुसली, बिघडली, कोणी खंडणीसाठी तिला कुलूप घातले, तर तीच अवस्था प्रत्येक प्रतीची होते. आमच्या सहा प्रती या सहा प्रती नव्हत्याच. एकाच प्रतीकडे पाहणाऱ्या त्या सहा खिडक्या होत्या. खरी जपणूक म्हणजे सिंकचा हात जिथे पोहोचत नाही अशी एक तरी प्रत. जाणकार लोक यासाठी तीन, दोन, एक असा नियम सांगतात. तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. आपल्या कार्बनच्या तीन प्रतींचाच हा नवा अवतार आहे.

याच जागी पुष्कळांची फसगत फोटोंच्या ॲपमध्ये होते. गूगल फोटोजमध्ये जागा मोकळी करण्याचा एक पर्याय आहे. वर पोहोचलेल्या फोटोंची फक्त फोनमधली प्रत तो काढतो. आणि दुसरा पर्याय फोटो हटवण्याचा, तो वरचीही प्रत कचरापेटीत टाकतो. दोन्ही दाबताना हाताला सारखेच वाटते, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कचरापेटीच्या मुदतीही ठरलेल्या आहेत. गूगल ड्राइव्हने २०२० च्या ऑक्टोबरपासून ती ३० दिवसांची केली. कचरापेटी म्हणजे कपाट नव्हे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

जागेचाही हिशेब ठेवला पाहिजे. गूगलने २०१३ मध्ये टपाल, ड्राइव्ह आणि छायाचित्रे मिळून १५ जीबी मोफत जागा ठरवली. ॲपलने २०११ मध्ये ५ जीबी दिली. गूगल फोटोज थोड्या कमी दर्जाचे फोटो बरीच वर्षे मोजतच नसे. १ जून २०२१ पासून ते मोजले जाऊ लागले. जागा भरली की नवे वर जाणे थांबते. कोणी दार ठोठावून सांगायला येत नाही, एक सूचना येते आणि आपण ती बाजूला सारतो. तसेच, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती बंद करून त्यांतला मजकूर काढून टाकण्याचे धोरण गूगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले. एखाद्या जुन्या चिटणीसाच्या वैयक्तिक खात्यात शाखेची दहा वर्षांची इतिवृत्ते असतील आणि ते साथी आता आपल्यात नसतील, तर ते खाते कोण उघडणार? खाते शाखेच्या नावाने हवे, त्याच्या चाव्या दोन पदाधिकाऱ्यांकडे हव्यात, आणि त्याची नोंद इतिवृत्तात हवी. बँक खात्याला दोन सह्या लागतात, मग दप्तराला एकच का?

दप्तराचे महत्त्व आता पूर्वीहून वाढले आहे. औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. एकाहून अधिक संघटना असलेल्या आस्थापनेत वाटाघाटींचा एकमेव हक्क मिळवायचा तर हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. सभासद नोंदणीची यादीच विस्कटली, तर आपले बळ असूनही आपण ते दाखवणार कसे?

आता दुसऱ्या बाजूकडे पाहू. सिंक आपणच वापरतो असे नाही. मालकही वापरतो, सरकारही वापरते, आणि त्याचा भार आपल्या हातातल्या फोनवर पडतो. केंद्राने २०२१ मध्ये अंगणवाड्यांसाठी पोषण ट्रॅकर हे ॲप आणले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी क्षमतेचे, तापणारे, वारंवार बंद पडणारे, आणि ॲप इंग्रजीत, अशी त्यांची तक्रार होती. रोजगार हमीच्या कामांवर मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो घेऊन हजेरी चढवण्याची मोबाईल पद्धतही २०२१ मध्ये सुरू झाली आणि १ जानेवारी २०२३ पासून सक्तीची झाली. डोंगरात रेंज नाही, फोटो वर गेला नाही, म्हणजे दिवसभर माती उपसलेला माणूस कागदावर गैरहजर.

यंत्र आणण्याला आपला विरोध नाही. पण काम झाले की नाही हे फोटो वर पोहोचला की नाही यावरून ठरू नये, ही मागणी रास्त आहे. आम्ही सुचवतो की अशा प्रत्येक पद्धतीबाबत तीन गोष्टी मागणीपत्रात लिहाव्यात. एक, फोनमध्ये झालेल्या नोंदीची वेळ ग्राह्य धरावी, ती वर पोहोचल्याची नव्हे. दोन, नोंद पोहोचल्याची पोच कामगाराला त्याच्या भाषेत मिळावी आणि ती त्याच्यापाशी राहावी. तीन, यंत्रणा बंद पडली तर कागदी नोंद चालावी आणि वेतन कापू नये.

आणि एक सावधगिरी. कंपनीने दिलेल्या फोनमध्ये किंवा कंपनीच्या खात्यात संघटनेचा एकही कागद ठेवू नका. २०१४ पासून अँड्रॉइडमध्ये कामासाठी वेगळा कप्पा ठेवण्याची सोय आहे, आणि तो कप्पा कंपनी दुरून पुसू शकते. त्यात गैर काही नाही, कप्पा तिचाच आहे. पण आपल्या सभेचे फोटो कंपनीच्या खात्याला जोडलेल्या गॅलरीतून आपोआप कंपनीच्या कपाटात जाऊन बसले, तर त्याला जबाबदार आपणच. आपल्या फोनमधली गॅलरी कोणत्या खात्याला जोडली आहे, हे आज घरी जाण्यापूर्वी प्रत्येकाने पाहावे.

आता पुराव्याचा मुद्दा. आपल्या मराठवाड्यातील जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किसनराव गोरंट्याल. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हे चित्रफितीवरून ठरवायचे होते. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, मूळ साधनच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीबरोबर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमात हे प्रमाणपत्र आहे, आणि त्याच्या नमुन्यात फाइलीचा ठसा लिहावा लागतो. मघाशी सांगितला तोच ठसा. औद्योगिक न्यायालयात पुराव्याचे तांत्रिक नियम तितक्या काटेकोरपणे लावत नाहीत हे खरे, पण समोरचा वकील फोटो खोटा आहे असे म्हणाला की उत्तर आपल्यालाच द्यावे लागते.

म्हणून मूळ फोटो ज्या फोनने काढला त्यातली मूळ फाइल जपा. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो, काढल्याची तारीख-वेळ सांगणारी आतली माहिती निघून जाते, आणि ठसा बदलतो. फोटो पाठवायचाच असेल तर तो दस्तऐवज म्हणून पाठवा. क्लाऊडवर चढवतानाही मूळ दर्जा हा पर्याय निवडा.

सभासदांची आधार कार्डे आणि बँकेची पासबुके हीदेखील आपल्या फोल्डरात असतात. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. पण कायद्याआधी विश्वासाचा प्रश्न आहे. ज्याच्याकडे लिंक आहे तो कोणीही पाहू शकेल, अशा रीतीने वाटलेले फोल्डर म्हणजे रस्त्यावर उघडे टाकलेले कपाट. नावानिशी परवानगी द्या, पासवर्डच्या जोडीला दुसरी पडताळणी ठेवा, आणि पद सोडणाऱ्या साथीचा फोन त्याच दिवशी खात्यातून काढा. यात अविश्वास नाही. कपाटाची किल्लीही तो त्याच दिवशी परत करतोच.

काही साथी विचारतात की परक्या कंपनीच्या क्लाऊडवर विसंबायचेच कशाला? प्रश्न योग्य आहे. २०१३ पासून सिंकथिंग नावाचा खुला प्रोग्रॅम आहे, तो मध्ये कोणाचे कपाट न ठेवता आपल्या साधनांना थेट एकमेकांशी जोडतो. नेक्स्टक्लाऊड हे २०१६ पासून आहे, त्यात सर्व्हर आपलाच. पण सिंकथिंगचे अधिकृत अँड्रॉइड ॲप २०२४ च्या अखेरीस बंद करण्यात आले आणि तेव्हापासून ते काम इतर स्वयंसेवकांच्या आवृत्त्यांवर आहे. स्वतःचा सर्व्हर म्हणजे वीज, देखभाल आणि ते जाणणारा माणूस हवा. ज्या मोठ्या युनियनकडे असा माणूस आहे त्यांनी जरूर करावे. लहान शाखेने प्रसिद्ध सेवा घ्यावी, पण तिच्यावर सर्वस्वी विसंबू नये.

आम्ही आता काय करतो ते थोडक्यात सांगतो. पुराव्याच्या फोल्डरासाठी दुतर्फा सिंक बंद केला आहे. ॲपमध्ये फक्त वर पाठवण्याचा पर्याय असतो, तो लावला आहे. फोनमधून पुसले तरी वरचे जात नाही. दर शनिवारी एक पदाधिकारी सगळे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवतो, तारीख घालून, जुन्यावर नवे न लिहिता. ती डिस्क काढून कपाटात ठेवतो आणि नोंदवहीत सही करतो. दर महिन्याला कोणतीही एक फाइल त्या डिस्कवरून उघडून पाहतो, कारण न उघडलेली प्रत म्हणजे न वटवलेला धनादेश. आणि महत्त्वाच्या कागदाची छापील प्रत आजही काढतो. दर आठवड्याला अर्धा तास जातो. हा अर्धा तास कोणाच्याही मर्जीवर सोडलेला नाही, तो कार्यकारिणीच्या ठरावात आहे.

आता त्या प्रकरणाचा शेवट. सहा फोनपैकी एक फोन पडदा फुटला म्हणून काही महिने खणात बंद पडून होता. त्या साथीने नवा घेतला होता. जुन्यात त्या दिवसापर्यंतचे फोल्डर जसेच्या तसे असणार, हे आमच्या लक्षात आले. पण तो चालू करून इंटरनेट मिळाले असते, तर ॲपने वरची यादी पाहून त्यातलेही पुसले असते. म्हणून आधी सिमकार्ड काढले, कार्यालयातले वायफाय बंद केले, मग फोन चालू केला आणि तारेने जोडून सगळे फोटो संगणकावर उतरवून घेतले. त्या वेळी खोलीत कोणी बोलत नव्हते.

फोन फुटेपर्यंतचे सगळे मिळाले. त्यानंतरच्या दोन महिन्यांचे काही कामगारांच्या व्हॉट्सॲपवर सापडले, काहींनी वेतनचिठ्ठ्या घरी डब्यात जपून ठेवल्या होत्या. समझोता झाला, बहुतेकांना पैसे मिळाले. तीन भगिनींच्या त्या दोन महिन्यांच्या जादा कामाचा एकही कागद मिळाला नाही, आणि ती रक्कम आम्ही मिळवून देऊ शकलो नाही. त्यांनी फोटो काढून वेळेवर आमच्या हाती दिले होते. त्यांच्या बाजूने काही राहिले नव्हते, राहिले ते आमच्या बाजूने.

त्यांतल्या एका भगिनीने आम्हाला विचारले, साहेब, मी तर दिला होता ना फोटो? या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. तो प्रश्न तुमच्या शाखेत कोणाला विचारावा लागू नये, एवढ्याचसाठी आम्ही आज तुमचा वेळ घेतला. कामगार आपल्या हाती कागद देतो तेव्हा तो आपल्यावर भिस्त ठेवतो. ती जपण्याचे काम ॲपवर सोपवता येत नाही. आज येथून निघण्यापूर्वी आपापल्या शाखेचे फोल्डर उघडा, तुमच्या बाजूने किती खिडक्या आहेत आणि खऱ्या प्रती किती आहेत ते मोजा. खरी प्रत एकही नसेल, तर येत्या शनिवारची वाट न पाहता उद्याच एक काढा.